पट्टीखालचं पाणी

आश्रुबाने ओल्या पोत्याने पाणी मोजायच्या गेजपट्टीवरचं शेवाळ पुसलं, वाकून आकडा वाचला आणि तो वहीत लिहिण्याआधी मान वळवून पुन्हा धक्क्याकडे पाहिलं. यशोधरा अजून तिथेच होती. चपला हातात धरून ती छबुबाईच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसली होती, आणि छबुबाई बांबूने तराफा आत लोटत होती. धरणाच्या भिंतीवरून दोघींचं बोलणं ऐकू येत नव्हतं. हसणं तेवढं येत होतं.

वही उघडली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आकडा डोक्यातून गेला आहे. तो पुन्हा पायऱ्या उतरला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकाच सकाळी पट्टी दोनदा वाचायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

नागतळीचा तलाव गावाला खेटून होता. एसटी स्टँडच्या मागची भिंत ओलांडली की काठच. त्या काठावर मच्छीमार सहकारी संस्थेचा धक्का होता: पत्र्याचं शेड, वजनकाटा, बर्फाच्या पेट्या आणि उतारावर पालथे घातलेले तराफे. चाळीस घरं त्यावर जगत होती आणि छबुबाई त्या संस्थेची चेअरमन होती. आता नगरपंचायतीला त्याच काठावर बाग हवी होती, फिरायला फरशीचा रस्ता हवा होता, कुल्फीची दुकानं हवी होती. धक्का पलीकडे सांडव्याकडे हलवायचा असं ठरत आलं होतं. त्याचा आराखडा करायला यशोधरा आली होती. मूळची तलवाड्याची, मुंबईत नगररचना शिकलेली आणि तीन वर्षं एका बंदराच्या शहरात काम केलेली.

पहिल्या दिवशी ती आश्रुबाकडेच आली होती. धरणावरच्या खोलीत दोन तास बसून तिने पाणीपातळीच्या वह्या चाळल्या होत्या.

"साहेब, इतकी सलग नोंद मी बंदरावरसुद्धा बघितली नाही," ती म्हणाली होती.

मोजणीदाराला साहेब कुणी म्हणत नसे. दुसऱ्या दिवशी आश्रुबाने घरून नवी खुर्ची आणून खोलीत ठेवली आणि चतुराबाईला जास्तीचे धपाटे बांधायला सांगितले. त्या दिवशी यशोधरा धक्का बघायला म्हणून गेली ती तिथलीच झाली. आज चौथा दिवस होता.

घरी चतुराबाईने डबा उघडून पाहिला.

"आजबी आल्या न्हाईत व्हय मॅडम?"

"त्यांना कामं असतात."

"कुठं?"

"धक्क्यावर."

"छबूकडं म्हना की." चतुराबाईने धपाटे ताटात काढले. "मग तुमी कावून माहेरी न धाडलेल्या सुनंवानी तोंड करून बसलात?"

"ती काय सांगणार त्या पोरीला? सन येतो का तिला? एक आकडा तरी धड लिहिता येतो का?"

"आकडे न्हाई येत. पानी येतं की."

आश्रुबाने ताट बाजूला सरकवलं आणि भूक नाही असं सांगितलं. मग थोड्या वेळाने तेच ताट पुन्हा ओढून घेतलं.

पूर्वी तो स्टँडवरून जायला निघाला की लोक थांबवायचे. "आश्रुबा, पानी किती हाय?" तो लगेच सांगत नसे. खिशातला चष्मा काढायचा, वही उघडायचा आणि मग मीटर-सेंटिमीटरमध्ये सांगायचा. लोकांना त्यातलं फार कळत नसे, पण ते ऐकून घेत. यंदा पाऊस निम्माही झाला नव्हता. असल्या वर्षी तर त्याला दहा पावलं चालू देत नसत. पण काल चहावाल्या रामकिसनने विचारायच्या ऐवजी सांगितलं होतं:

"छबुबाई म्हनती, होळीपर्यंत पानी पट्टी सोडतंय."

आश्रुबाने आठवड्यापूर्वीच आलेखाच्या कागदावर रेघ ओढून पाणी पट्टीच्या शून्याखाली जायचा तोच दिवस काढला होता. होळीच्या आधीचे दोन दिवस. त्याने तो कुणाला सांगितला नव्हता, कारण कुणी विचारलाच नव्हता. अर्धा चहा पेल्यात तसाच ठेवून तो उठला.

पाचव्या दिवशी यशोधरा खोलीवर आली. पायाला पोटरीपर्यंत वाळलेला गाळ होता. नव्या खुर्चीत न बसता ती उंबऱ्यावरच टेकली.

"साहेब, मला पंधरा-सोळाच्या दुष्काळाची वही पाहिजे. त्या वर्षाची तेवढी इथं दिसली नाही."

"कशाला?"

"सांगते." तिने काडीने जमिनीवर तलाव काढला. "पाणी भरलेलं असलं की धक्का कुठंही ठेवा, काही फरक नाही. पण आत्या म्हणतात, दुष्काळात सांडव्याकडची बाजू सगळ्यात आधी उघडी पडते. शेवटचं पाणी राहतं ते जुन्या नदीच्या पात्रात, आणि ते पात्र स्टँडच्या बाजूला वळलेलं आहे. म्हणजे धक्का सांडव्याकडं गेला, तर नेमका दुष्काळात त्यांना पाण्यापर्यंत पोचताच येणार नाही. बागेतून बारा फुटांची दगडी वाट सोडली आणि ती तळात पात्रापर्यंत नेली, तर धक्का पाण्यामागं जाऊ शकतो. बागही राहते. पण हे सभेत सिद्ध करायला मला आकडे लागतील."

आत्या. चार दिवसांत छबुबाई आत्या झाली होती आणि तो साहेबच राहिला होता.

"ती वही उपविभागाच्या ऑफिसात हाय," आश्रुबा म्हणाला. "तपासणीला गेलती, परत आली न्हाई."

यशोधराने काडी टाकून दिली आणि हात झटकले. "मग अवघड आहे," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचं वाईट वाटणं त्याने नीट पाहून घेतलं.

वही ऑफिसात नव्हती. ती त्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत होती आणि तिथे असायला कारण होतं.

त्या वर्षी पाणी पट्टीच्या शून्याखाली गेलं. असं झालं की रकान्यात 'पट्टीखाली' एवढंच लिहायचं असतं. पण जुन्या पात्रात उरलेल्या डोहातून टँकर भरले जात होते आणि ऑफिसातून रोज फोन येई: आकडा सांगा, कोरा रकाना चालायचा नाही. भिंत आणि डोह यांच्यामध्ये गाळ पसरला होता. त्यात रुतून मेलेली एक म्हैस आश्रुबाने पाहिली होती आणि त्याला पोहता येत नव्हतं. छबुबाई मात्र रोज सकाळी आत जायची. डोहाच्या मधोमध बांबू उभा करायची, ओला भाग स्वतःच्या हाताने मोजायची आणि तिथूनच ओरडायची: "आठ हात!" आश्रुबा भिंतीवर उभा राहून लिहून घ्यायचा. पहिल्याच दिवशी तिला वर बोलावून त्याने टेपने तिचा हात मोजला होता. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, चव्वेचाळीस सेंटिमीटर. पाणी पट्टी सोडून गेलं त्या दिवशी डोह अकरा हात होता. आठ हात म्हणजे तीन हात खाली. उणे एक पूर्णांक बत्तीस मीटर. असे दोनशे चौदा दिवस. प्रत्येक दिवसापुढे शेऱ्यात त्याने लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष मोजले', आणि खाली सही केली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी छबुबाई स्वतः घरी आली. दोघांचा जन्म एकाच साली, एकाच गल्लीतला. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"आश्रुबा, वही दे."

"कोनती?"

"जिच्यात माझं बोंबलनं लिवलंय ती."

चतुराबाई आतून हसली. आश्रुबा हसला नाही.

"तुझ्या तोंडी हाय की सगळं. ती पोरगी चार दिवस तेच तर लिहून घेती. वही कशाला लागती आता?"

"माझं तोंड सभेत चालत न्हाई. तिथं कागद लागतो." छबुबाईने पदराने मान पुसली. "धक्का सांडव्याला गेला तर येत्या उन्हाळ्यात चाळीस चुली बंद हायेत. तू मला वाकडं बोल, दोन वर्सं बोलू नको. पर वही दे."

"तिला सांगितलंस का, आकडे कुनाचे हायेत ते?"

"न्हाई."

"कावून?"

"विचारलं न्हाई तिनं." ती पायातला खडा काढायला वाकली. "आन् ती आकडा मानंल तो तुझ्या सहीवर. माझ्या बांबूवर मानंल व्हय कुनी?"

आश्रुबाने पेटी उघडली. ती उशिरापर्यंत धुंडाळत बसावं, असं त्याला वाटलं, पण वही वरच होती.

वही ऑफिसातून परत आली म्हटल्यावर पुढचे तीन दिवस यशोधरा खोलीवरच होती. नव्या खुर्चीत बसली, धपाटे खाल्ले, तिखट लागलं म्हणून दोन तांबे पाणी प्यायली. तिने एकेक आकडा संगणकात भरला आणि तळाच्या मोजणीच्या नकाशावर तो ठेवून पाहिला.

"साहेब, हे बघा." ती खुर्चीतून उठलीच. "आत्या म्हणाल्या होत्या, त्या वर्षी महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी धक्का पाण्याच्या काठाला, जुन्या रस्त्याच्या मोरीपाशी होता. नकाशावर ती मोरी शून्याच्या खाली एक पूर्णांक तीस. आणि त्याच तारखेला तुमच्या वहीत उणे एक पूर्णांक बत्तीस. दोन सेंटिमीटरचा फरक! दोन माणसं, दोन वेगळ्या पद्धती आणि उत्तर एक. सभेला याच्या पुढं बोलताच येणार नाही."

आश्रुबा चष्मा पुसत राहिला.

"तुम्ही रोज स्वतः आत जात होता?"

तो हो म्हणाला नाही. त्याने मान हलवली आणि ती तिला पुरली. आराखड्याच्या शेवटच्या पानावर तिने त्याचं पूर्ण नाव घातलं आणि त्याला दाखवलं. त्या दिवशी घरी जाताना तो मुद्दाम रामकिसनच्या टपरीवर थांबला आणि कुणी न विचारता त्याने पाणी किती आहे ते सांगितलं.

सभा सोमवारी सकाळी अकराला नगरपंचायतीच्या हॉलमध्ये भरली. नगराध्यक्ष माणिकराव मधल्या खुर्चीत होते, शेजारी मुख्याधिकारी. एका बाजूला व्यापारी आणि नगरसेवक, दुसऱ्या बाजूला धक्क्यावरची माणसं. छबुबाई पुढच्या रांगेत मांडी घालून खुर्चीवर बसली होती. आश्रुबाला यशोधराने आपल्या शेजारी बसवलं होतं.

"मॅडम, तुमची वाट चांगली हाय," माणिकराव म्हणाले. "पर लोक बागेत मच्छीच्या वासात कुल्फी खातील व्हय?"

हॉल हसला. मागून छबुबाईचा पुतण्या म्हणाला, "रविवारी तुमच्याच घरी सगळ्यात मोठा कटला जातो, साहेब. तवा वास येत न्हाई!" त्यावर जास्त हसले. माणिकरावही हसले.

यशोधरा उभी राहिली. "मी जिथं काम केलं तिथं शहरानं आधी धक्के उठवले, मग बाग केली," ती म्हणाली. "आता लोक बागेत बसून रिकामं पाणी बघतात, आणि ज्यांचं पाणी होतं ते लांब कुठंतरी गेले. दोन्ही एकत्र ठेवता आलं असतं, पण मोजलं कुणी नाही. तिथं निदान समुद्र सहा तासांनी परत येतो. तुमचं पाणी मागं गेलं की दोन-दोन वर्षं येत नाही. तोवर धक्क्यानंच पाण्यामागं जायला पाहिजे. मोजलेलं इथं आहे."

तिने पडद्यावर नकाशा लावला. दुष्काळातला एकेक महिना दाखवत सांडव्याची बाजू कशी कोरडी पडत गेली ते सांगितलं. आश्रुबाच्या वहीचं नाव घेतलं. त्याने मान किंचित खाली घातली, जशी घालायची असते तशी. मग ती म्हणाली:

"आणि हे आकडे वाचायच्या कितीतरी आधी, एकही कागद न बघता, धक्का कुठल्या महिन्यात कुठं होता हे एका बाईंनी मला तराफ्यावर बसून सांगितलं होतं. सगळं जुळलं. छबुआत्या, जरा उभ्या राहा."

टाळ्या वाजल्या. आश्रुबाच्या नावाला वाजल्या नव्हत्या. मच्छीमारांनी वाजवल्या तिथवर ठीक होतं. पण व्यापाऱ्यांच्या बाजूनेही वाजल्या, मुख्याधिकाऱ्यांनीही दोनदा हात जोडल्यासारखे केले. छबुबाई उभी राहिली आणि पदर सावरून लगेच बसली. आश्रुबाने पाहिलं की आपण मांडीवरचा कागद चुरगाळला आहे. तो त्याने हाताने सपाट केला.

टाळ्या थांबल्यावर माणिकराव पुढे झुकले.

"एक शंका हाय. आमचं काय शिक्षण न्हाई मॅडमएवढं. पर शून्याच्या खालचं पानी पट्टीवर दिसतं कसं? आश्रुबा, हे तुमी कसं मोजलं?"

आश्रुबा उठला. यशोधरा त्याच्याकडे पाहून हसली, ज्याला उत्तर माहीत आहे त्याच्याकडे पाहून हसावं तशी. छबुबाई त्याच्याकडे पाहत नव्हती. खरं बोलणं इतकं सोपं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"मी मोजलं न्हाई," तो म्हणाला. "मी आत गेलोच न्हाई कधी. हे सगळे आकडे छबुबाईचे हायेत. ती बांबू लावायची आन् वरडून सांगायची. मी लिहून घेतलं."

यशोधराचा हात पडद्याच्या दिशेने उचललेला होता, तो तसाच राहिला. दोन माणसं, दोन पद्धती. ती हळूहळू खाली बसली.

माणिकरावांनी खुर्चीला पाठ टेकली. "मंजी धक्का बी तिचाच, आन् धक्क्याची साक्ष बी तिचीच," ते शांतपणे म्हणाले. "मग मॅडम, मोजलेलं काय राहिलं?"

मच्छीमारांच्या रांगेत कुजबूज सुरू झाली. आश्रुबा अजून उभा होता. आपण खरं बोललो, एवढंच तो मनाशी म्हणत होता.

तेवढ्यात छबुबाई हसली. मोठ्याने, धक्क्यावर हसायची तशी.

"ऐका याचं! अध्यक्षसाहेब, हा ल्हानपनापासून असाच हाय. शाळेत पहिला नंबर आला तरी मास्तरला म्हनायचा, माझा न्हाई, चुकून आलाय." ती उठून उभी राहिली. "मला चाराच्या फुडं पाढा येत न्हाई. आन् मी म्हनं उने एक पूर्नांक बत्तीस सांगितलं! मला उने म्हंजी काय ते म्हाईत न्हाई. विचारा की, उने म्हंजी काय गं छबू?"

कुणीतरी हसलं.

"चिखलात हाच उतरायचा. दोनशे दिस. मी तराफ्यावर बसून बघायची. म्हनायची, आश्रुबाभाऊ, नोकरीपायी मरशील. आज कवतिक झालं तर लाजला. असं भर सभेत लाजावं व्हय मानसानं?"

आता सगळा हॉल हसत होता. "आश्रुबा, बस खाली बे," मागून कुणीतरी ओरडलं, "चेअरमनबाईला घाबरला!" आश्रुबा खाली बसला.

मुख्याधिकाऱ्यांनी हात वर केला. "शेऱ्यात काय लिहिलंय?"

यशोधराने वही उघडली. वाचताना तिने आश्रुबाकडे पाहिलं नाही, छबुबाईकडेही नाही.

"'प्रत्यक्ष मोजले.' खाली सही आहे. प्रत्येक दिवसाची."

"मग झालं की. नोंद सरकारी आहे, सही सरकारी आहे. आपण यांचं बोलणं धरायचं की लिहिणं?"

माणिकरावांनी व्यापाऱ्यांकडे पाहिलं, मग मच्छीमारांच्या भरलेल्या रांगांकडे पाहिलं. निवडणूक वर्षावर आली होती. बारा फुटांची वाट आणि जाग्यावरचा धक्का, ठराव मंजूर झाला. या वेळी टाळ्या आश्रुबासाठी वाजल्या. त्याच्या आयुष्यात इतक्या टाळ्या कधी वाजल्या नव्हत्या आणि त्या कधी थांबतात याची तो वाट पाहत होता.

बाहेर पायऱ्यांवर त्याने छबुबाईला गाठलं. ती चपलेचा अंगठा शोधत होती.

"कावून केलंस तसं?"

"काय केलं?"

"खोटं बोललीस."

"आन् तू खरं बोललास." तिने चप्पल पायात घातली. "कशापायी बोललास, ते मला म्हाईत हाय." ती रागावलेली दिसत नव्हती. तिने रागवावं असं त्याला फार वाटलं. "धक्का ऱ्हायला. नाव तू घे."

तेवढ्यात माणसांनी त्याला वेढलं. रामकिसन होता, स्टँडवरचे दोघं-तिघं होते, एक नगरसेवक होता. कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी चहाला चला म्हणालं. "आमाला कधी सांगितलं न्हाई हो तुमी," रामकिसन म्हणत होता. यशोधरा थोड्या अंतरावर पिशवीत नकाशा घालत होती. ती या घोळक्याकडे आली नाही.

"दोनशे दिस म्हंजी चेष्टा हाय का," नगरसेवक म्हणाला. "चिखल किती असायचा हो, आश्रुबासाहेब?"

सगळे त्याच्या तोंडाकडे पाहू लागले. आश्रुबाला माहीत नव्हतं. घोटाभर, की कमरेइतका, याचा त्याला अंदाजही नव्हता. त्याने माणसांच्या डोक्यावरून पाहिलं. छबुबाई खालच्या पायरीवर पोचली होती. ती थांबली, वळली आणि चेहऱ्यावर काहीही न आणता तिने गुडघ्याच्या चार बोटं वर, मांडीवर, तळहात आडवा धरला. मग ती स्टँडच्या दिशेने चालू लागली.

"मांडीइतका," आश्रुबा म्हणाला.